विस्मयाचे शब्द : मराठी ख्रिस्ती श्रद्धेच्या भाषेविषयी काही विचार

काही दिवसांपूर्वी पदव्युत्तर वर्गात अर्थपरिवर्तनाचा विषय चालू असता मी 'चमत्कारिक' हा शब्द उदाहरणादाखल फळ्यावर लिहिला. संस्कृत काव्यशास्त्राने ज्या 'चमत्कारा'ला रसास्वादाच्या केंद्रस्थानी बसविले, त्याचेच हे विशेषण. पण मराठीत येईतो ते 'विचित्र', 'तऱ्हेवाईक' या अर्थास उतरले. चमत्कारिक माणूस म्हणजे ज्याच्या वाटेस शहाण्याने जाऊ नये असा माणूस. वर्ग हसला. तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. तो वर्ध्याच्या एका ख्रिस्ती कुटुंबातला. तो म्हणाला, "सर, आमच्या घरात या शब्दावरून दोन तट आहेत. आजी म्हणते, चमत्कार व्हायचे नसतील तर प्रार्थना तरी कशाला करायची? बाबा शाळेत विज्ञान शिकवतात. चमत्काराचे नाव निघाले की त्यांना संकोच होतो. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. चमत्कार वजा केले, तर थक्क होण्यासारखे आमच्याकडे काही उरते का?"

मी त्या वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा सुचलेले उत्तर होय. ईश्वरशास्त्रात मला अधिकार नाही आणि चमत्कार घडतात की नाही, हा वादही येथे सोडवावयाचा नाही. माझा प्रांत शब्दांचा. परंतु श्रद्धेच्या पुष्कळशा अडचणी मुळात शब्दांच्या अडचणी असतात, आणि एखादी भावना मनात जोपासावयाची तर भाषेत तिच्यासाठी जागा असावी लागते, एवढे विधान करण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकास असावा.

प्रथम शब्दांची झडती घेऊ. 'आश्चर्य' हा शब्द पाणिनीने 'जे नित्य नाही' अशा अर्थी सिद्ध केला आहे. व्याकरणाच्या एका छोट्याशा नियमात येथे एक संपूर्ण मानसशास्त्र येऊन बसले आहे. जे रोज घडते त्याचे आश्चर्य नाही. सूर्य उगवला यात आश्चर्य कसले? 'अद्भुत' या शब्दाची फोड यास्काने निरुक्तात 'जणू पूर्वी न झालेले' अशी केली आहे. आधुनिक व्युत्पत्तिशास्त्रास ती मान्य होईलच असे नाही, पण शब्दाचा अर्थ प्राचीनांना कसा जाणवत होता हे तीवरून कळते. मराठीचा 'नवल' तर उघडच 'नव' या शब्दाच्या पोटी जन्मलेला. तात्पर्य, अनित्य, अभूत आणि नवे, या तीन खुंट्यांवर आपल्या भाषेने आश्चर्याची वस्त्रे टांगून ठेवलेली आहेत. ही व्यवस्था स्वाभाविक आहे. पण तिची एक किंमतही आहे. नवे जुने होते. जे दुसऱ्यांदा घडले ते अभूत राहत नाही. अशा शब्दांवर ज्याची श्रद्धा उभी असेल, त्याला दर आठवड्यास एक नवे नवल लागणार.

'विस्मय' मात्र या पंक्तीत बसत नाही. वि हा उपसर्ग आणि 'स्मि' हा धातू. 'स्मि' म्हणजे हसू उमलणे, ज्यापासून 'स्मित' झाला. विस्मयाच्या मुळाशी वस्तूच्या नवेपणाची काहीच अट नाही. पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय घडते एवढेच त्या शब्दाने टिपले आहे. गमतीची गोष्ट अशी, की इंग्रजीतील 'मिरॅकल' ज्या लॅटिन 'मीरुस' या शब्दापासून निघाला, त्याचे मूळही बहुतेक व्युत्पत्तिकार याच आदिधातूत शोधतात. म्हणजे ज्या 'मिरॅकल'चा प्रतिशब्द म्हणून आपण 'चमत्कार' योजितो, त्याचा खरा भाऊ 'विस्मय' हा आहे. दोघांच्या मुळाशी हसू आहे. पोर्तुगीज 'मिलाग्र' हा शब्दही त्याच घराण्यातला. गोव्यात म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्तास ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही दर्शनास जातात, तेव्हा या दूरच्या नात्याची कोणास कल्पना नसते, नसावयाचीच.

'चमत्कार' हा शब्द ध्वन्यनुकारी असावा असे अभ्यासक मानतात; एखादा घास फार रुचला म्हणजे जिभेने जो आवाज होतो, त्याचे ते अनुकरण. काव्यशास्त्रात तो रसिकाच्या अंतःकरणात घडणारा प्रकार होता. साहित्यदर्पणकार विश्वनाथ चमत्कार म्हणजे चित्ताचा विस्तार असे सांगतो, विस्मयास त्याचा पर्याय मानतो, आणि आपल्या पूर्वजांपैकी नारायण याच्या मते सर्व रसांच्या मुळाशी अद्भुतच आहे, असेही नोंदवितो. तेथून मराठीपर्यंतच्या प्रवासात हा शब्द रसिकाच्या चित्तातून बाहेर पडला आणि बाहेरच्या घटनेस जाऊन चिकटला. चमत्कार आता 'होतो', 'दाखविला' जातो, 'करून दाखविला' जातो. पाहणाऱ्याचे चित्त विस्तारले की नाही, हे कोणी विचारीत नाही. विशेषणाच्या वाट्यास तर केवळ विचित्रपणा आला. माझ्या विद्यार्थ्याच्या घरातील दोन तटांचे मूळ या स्थलांतरात आहे असे मला वाटते. आजी ज्याची मागणी करिते आणि वडील ज्याचा संकोच करितात, ती दोघांच्याही दृष्टीने बाहेर घडणारी घटनाच आहे.

आता ज्या ग्रंथावर हा सारा व्यवहार उभा आहे, त्याच्या मूळ भाषेकडे वळू. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये 'चमत्कार' या आपल्या एका शब्दाच्या जागी निदान तीन शब्द आहेत. मत्तय, मार्क आणि लूक हे येशूच्या अशा कृत्यांस बहुधा 'दुनामिस' म्हणतात. अर्थ सामर्थ्य, पराक्रम. योहान त्यांस 'सेमेइऑन' म्हणतो, म्हणजे खूण. तिसरा शब्द 'तेरास'. डोळे दिपविणारी अद्भुत घटना असा त्याचा भाव. हा तिसरा शब्द सबंध नव्या करारात एकदाही एकटा येत नाही. जेथे येतो तेथे 'खूण' या शब्दाचा हात धरूनच येतो. लेखकांना नुसत्या दिपविण्याचा भरवसा वाटत नव्हता, असा याचा अर्थ घ्यावयास हरकत नसावी. १८०५ मध्ये श्रीरामपूरहून कॅरीने मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापिले तेव्हापासून भाषांतरकारांच्या अनेक पिढ्यांनी या शब्दांशी झुंज घेतली आहे. आणि प्रचलित मराठी बायबलात 'चिन्ह', 'अद्भुत', 'महत्कृत्य' असे निरनिराळे शब्द योजून हा भेद पुष्कळ अंशी राखिला आहे, याचे श्रेय त्यांस दिले पाहिजे. परंतु व्यासपीठावरील आणि घरातील बोलीने तो भेद पुसून टाकिला. बोलीत सर्वांस मिळून एकच शब्द आहे.

पाहणाऱ्याच्या विस्मयासाठीही ग्रीकमध्ये शब्दांची एक मालिकाच आहे. 'थाउमाझो' हे त्यांतील सर्वांत साधे क्रियापद. त्याचे नाते 'पाहणे' या अर्थाच्या शब्दाशी असल्याचे मानितात. 'एक्प्लेसो' म्हणजे तडाखा बसून भान सुटणे. 'एक्स्टासिस' म्हणजे स्वतःच्या बाहेर उभे राहणे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत जेथे शेवट होतो, तेथे रिकाम्या कबरीपासून पळणाऱ्या स्त्रियांच्या मनःस्थितीस कंपाबरोबर हाच शब्द लाविला आहे. या मालिकेत एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. शुभवर्तमानांत लोक येशूविषयी वारंवार विस्मित होतात. स्वतः येशू विस्मित झाल्याचे प्रसंग मात्र दोनच. एकदा रोमी शताधिपतीचा विश्वास पाहून आणि एकदा आपल्याच गावच्या लोकांचा अविश्वास पाहून. वादळ शमले, भाकरी वाढल्या, आंधळ्यास दिसू लागले, या कशाचेही त्यास नवल वाटल्याचे लिहिलेले नाही. नवल वाटले ते माणसाच्या अंतःकरणाचे. एकदा ते उघडले म्हणून आणि एकदा उघडले नाही म्हणून.

पाणिनीने आश्चर्यास अनित्याशी बांधले, असे वर म्हटले. या गाठीवर ज्याने नेमके बोट ठेविले तो ख्रिस्ती विचारवंत म्हणजे उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन. चौथ्या-पाचव्या शतकातला हा पुरुष. पाणिनीचे नावही त्याच्या कानी गेले नसणार. योहानाच्या शुभवर्तमानावरील प्रवचनांत पाच हजारांच्या भोजनाचा प्रसंग आला असता तो म्हणतो ते थोडक्यात असे : सबंध विश्वाचे चालणे ही पाच भाकरींनी पाच हजारांस तृप्त करण्याहून कितीतरी मोठी गोष्ट आहे; पण तिचे कोणास नवल वाटत नाही, आणि भाकरींचे वाटते, ते ती गोष्ट मोठी म्हणून नव्हे, तर क्वचित घडणारी म्हणून. मूठभर दाण्यांतून जो दरवर्षी शेते पिकवितो, त्यानेच हातातल्या भाकरी वाढविल्या. काना गावच्या लग्नातील द्राक्षारसाविषयीही तो असेच सांगतो. पाण्याचा द्राक्षारस द्राक्षवेल दरवर्षी करीतच असते. ऑगस्टीनच्या मते विरळा घटना घडतात त्या नित्याकडे झोपलेले डोळे जागे व्हावेत म्हणून. योहानाचा 'खूण' हा शब्द येथे सार्थ होतो. खुणेकडे बोट दाखवून जो तेथेच थांबला, त्याला खूण कळलीच नाही.

हा विचार पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्याच मातीतले एक उदाहरण घेतो. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचे गाव आहे. तेथल्या टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे. सर्व धर्मांचे लोक तेथे जातात. टेकडीवर नारळासारखे, सुपारी-जायफळासारखे दिसणारे गोटे सापडतात. लोककथा अशी, की मालाची ने-आण करणाऱ्या दोघा व्यापाऱ्यांनी या सत्पुरुषाची थट्टा केली आणि त्यांचा सारा माल दगड झाला. कथेचा उत्तरार्ध मला अधिक आवडतो. व्यापारी शरण आले, तेव्हा त्यांना वाळक्या पानांचा नवा माल करून मिळाला. मग ते तेथेच सेवेस राहिले. भूवैज्ञानिक सांगतात, की हे गोटे म्हणजे झिओलाइट जातीच्या खनिजांच्या गाठी. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले; थंड होताना त्यांत वायूच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे खडकात झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत हे खनिज हळूहळू जमविले. खडक झिजून गेला, गाठी उरल्या.

यांपैकी कोणते वर्णन मनुष्यास अधिक विस्मित करील? माझ्या पुढे बसणाऱ्या मुलांस मी हा प्रश्न विचारून पाहिला आहे. बहुतेकांस लोककथा ऐकताना हसू येते आणि भूविज्ञान ऐकताना जांभई येते. म्हणजे चमत्कार वजा झाला, पण त्याच्या जागी विस्मय आला नाही. जागा रिकामीच राहिली. स्पष्टीकरणाने विस्मय मरतो अशी समजूत आहे, ती मला खरी वाटत नाही. विस्मय मरतो तो 'कळले' असे म्हणून पाठ फिरविल्याने.

ज्याने पाठ फिरविली नाही अशा एका माणसाची हकीकत याच प्रदेशातील आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आला. वर्धा जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. तो १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून काढण्यात आला. हिस्लॉप आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांनी धर्मकार्यासाठी फिरता फिरता या मुलुखातील दगड पाहिले. नागपूरजवळ टाकळी येथे लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये दबलेला तळ्याचा गाळ, आणि त्यात गोड्या पाण्यातील शंख, बिया, फळे, सारे शिळारूप झालेले. दोन अग्निप्रलयांच्या मधल्या काळात येथे एक तळे होते, त्याच्या काठी झाडे होती आणि त्यांना फळे येत होती! त्यांचे हे संशोधन १८५५ च्या सुमारास लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाले. चांद्याकडील मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन या विख्यात शास्त्रज्ञाने केले. हिस्लॉप एवढ्यावर थांबला नाही. गोंडांची भाषा, त्यांचे शब्द, लिंगोचे गीत हेही त्याने टिपून ठेविले. त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने ती टिपणे प्रसिद्ध केली. भाषेच्या अभ्यासकास हिस्लॉपविषयी जी आत्मीयता वाटते तिचे कारण हे. अर्थात तो त्याच्या काळाचा मनुष्य होता. गोंडांच्या श्रद्धेविषयी त्याची दृष्टी मिशनरीचीच होती, आणि दगडाकडे त्याने जितक्या मोकळेपणी पाहिले तितक्या मोकळेपणी तो शेजाऱ्याच्या देवाकडे पाहू शकला असे म्हणवत नाही. तरीही ज्याचे गीत त्यास पटणार नव्हते, त्याचे गीत त्याने अक्षरशः उतरवून घेतले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. वर्ध्याहून नागपूरकडे जाताना बुटीबोरी लागते, तेथे कारखान्यांच्या धुरांड्यांकडे पाहत असता ही गोष्ट मला हटकून आठवते.

हिस्लॉपने जे केले त्यास शुभवर्तमानाच्या भाषेत एक नेमके क्रियापद आहे. डोंगरावरील प्रवचनात रानातल्या फुलांकडे पाहण्यास सांगितले आहे, ते वचन सर्वांस ठाऊक असते. मराठी बायबलात त्या फुलांसाठी 'भूकमळे' असा शब्द योजिला आहे. पॅलेस्टाइनमधील ते फूल नेमके कोणते हे वनस्पतिशास्त्रज्ञांत वादग्रस्त असल्याने, कोणत्याही एका फुलाशी न बांधलेला हा शब्द मला फार चतुर वाटतो. पण लक्षात घेण्याजोगे ते क्रियापद. मत्तयाने तेथे 'पाहा' एवढेच म्हटलेले नाही. 'कातामान्थानो' असे त्याचे क्रियापद आहे. नीट अभ्यासून शिकणे, तळापर्यंत जाऊन समजून घेणे. याच्याच मूळ धातूपासून युरोपीय भाषांतील गणिताचे नाव निघाले. सबंध नव्या करारात हे क्रियापद येथे एकदाच येते. फुलाचे केवळ कौतुक करून पुढे जावे असे तेथे सांगितलेले नाही. फुलापाशी विद्यार्थ्याप्रमाणे बसावे असे सांगितले आहे. विस्मय हा अंगावर कोसळणारा प्रकार नसून शिकण्याचा प्रकार आहे, आणि म्हणून तो जोपासता येतो, असे जर कोणास दाखवावयाचे असेल तर या एका क्रियापदाचा आधार पुरेसा आहे.

हे प्रवचन मराठी साहित्याच्या इतिहासात एका आगगाडीच्या डब्यातून आले. नारायण वामन टिळक नाशिकहून राजनांदगावास जात असता डब्यातील एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचे संस्कृत काव्याविषयी बोलणे झाले, आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांस नवा करार दिला. ती गाडी भुसावळ, वर्धा, नागपूर अशीच गेली असणार. दुसरा मार्ग नव्हता. टिळकांनी पुढे सांगितले आहे, की वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथून त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी, की टिळकांना वश करणारा भाग चमत्कारांचा नव्हता. त्या प्रवचनात एकही चमत्कार नाही; पाखरे आहेत, फुले आहेत, मीठ आहे, दिवा आहे. पुढे 'फुलामुलांचे कवी' म्हणून महाराष्ट्राने ज्यास ओळखिले, त्याच्या धर्मांतराची सुरुवात याच पानांपासून व्हावी, हे त्याच्या स्वभावाशी सुसंगत होते. बालकवी ठोंबरे काही काळ टिळकांच्या घरी राहिले, हेही येथे विसरू नये.

फुले आणि मुले या जोडीमुळे मला पुन्हा शब्दांकडे यावेसे वाटते. जुन्या मराठीत नवलासाठी 'चोज' असा एक शब्द होता. प्राकृतातील 'चोज्ज' म्हणजे आश्चर्य, त्याचाच तो वंशज. कालांतराने 'चोज करणे' म्हणजे लाड करणे असा अर्थ रूढ झाला. 'कौतुक' या शब्दाचेही तसेच. संस्कृतात त्याचा अर्थ कुतूहल. मराठीने त्यास प्रेमाने केलेली वाखाणणी करून टाकिले. आई मुलाचे कौतुक करिते तेव्हा मूल काही अभूतपूर्व करीत नसते. पहिले पाऊल टाकीत असते, जसे आजवर कोट्यवधी मुलांनी टाकिले. येथे मराठीने पाणिनीची अट नकळत मोडली आहे. नित्याचेही आश्चर्य असू शकते, फक्त त्यासाठी पाहणाऱ्याचे त्या वस्तूवर प्रेम असावे लागते, हे या दोन शब्दांच्या अर्थपरिवर्तनात येऊन गेले आहे. 'चमत्कार' बाहेर गेला; 'चोज' आणि 'कौतुक' घरात आले. मराठी ख्रिस्ती माणसास आपल्या श्रद्धेची भाषा नव्याने घडवावयाची असेल, तर तिचे सामान त्याच्या आईच्या बोलण्यात तयार आहे.

वर्ध्यात हे सामान वापरणारा एक ख्रिस्ती मनुष्य प्रत्यक्ष होऊन गेला, जरी त्याची मातृभाषा मराठी नव्हती. जे. सी. कुमारप्पा यांचा जन्म १८९२ मध्ये तंजावरचा. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांनी त्याची धुरा वाहिली; पुढे काही काळ ते सेलडोह येथील आश्रमात राहिले. १९४२ च्या चळवळीनंतरच्या तुरुंगवासात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या आचारविचारांवर, दुसरे टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. एक धर्माचे आणि एक अर्थशास्त्राचे, अशी विभागणी वाचक करील. पण दोन्हीत तोच डोळा आहे. दुसऱ्या पुस्तकात ते निसर्गातील व्यवहारांची प्रतवारी लावितात. बांडगूळ जगते ते दुसऱ्यास मारून. माकड आमराईस काही न देता फळे नेते. मधमाशी नेते तसे परागवहनाने देतेही. आणि पिल्लास भरविणारी पक्षीण कशाचीच अपेक्षा न ठेविता देते. यांत विलक्षण असे काय आहे? काहीच नाही, हे व्यवहार कोणीही कुंपणाशी उभे राहून पाहावेत. कुमारप्पांनी त्यांच्याकडे शिकण्यासाठी पाहिले आणि त्यातून माणसाच्या बाजाराला प्रश्न विचारला. फुलांविषयीच्या त्या क्रियापदाचे याहून चांगले भाष्य मला ठाऊक नाही. त्याच काळात काही मैलांवरील सेवाग्रामात गांधीजींच्या कुटीच्या भिंतीवर सजावट म्हणून एकच चित्र होते, ते येशूचे. लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार १९४२ मध्ये तेथे राहून गेला, त्याने ते नोंदविले आहे. कुमारप्पांशी गांधीजींचे जे जमले, ते केवळ तेलघाणीवरून नसावे.

येथपर्यंत लिहिल्यावर एक आक्षेप मला टाळता येत नाही. वर्धा हा कापसाचा आणि कर्जाचा जिल्हा आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. पाऊस दडी मारतो, पेरलेले उलटते, दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाणे उसने आणावे लागते. अशा माणसास 'भूकमळांकडे पाहा, काळजी करू नका' असे सांगणे ही पोट भरलेल्याची चैन नव्हे काय? ज्या प्रवचनकारास हा प्रश्न कधी पडला नाही, त्याने त्या वचनावर न बोललेले बरे. मला एवढेच दिसते, की वचनाच्या शब्दांनी हा आक्षेप झाकलेला नाही. ते गवत आज आहे आणि उद्या भट्टीत जाणार आहे, हे त्याच वाक्यात सांगितलेले आहे. म्हणजे नाश डोळ्यांआड करून मिळविलेला हा विस्मय नव्हे. दुसरे असे, की ऐकणारे लोक कर भरून पिचलेले शेतकरी, कोळी, मजूर असेच होते.

मार्काच्या चौथ्या अध्यायातील एक छोटा दृष्टांत या संदर्भात मला फार मोलाचा वाटतो. शेतकरी बी टाकितो, रात्री निजतो, सकाळी उठतो. बी रुजते, वाढते. कसे, ते त्यास कळत नाही. जमीन आपोआप पीक देते, असे तेथे म्हटले आहे, आणि 'आपोआप' यासाठी मूळ शब्द आहे 'आउतोमाते'. आजच्या 'ऑटोमॅटिक' या शब्दाचा हाच पूर्वज. शब्दाचे नशीब पाहा : जे मनुष्याच्या हातून होत नाही, म्हणून ज्यापुढे मार्काचा शेतकरी स्तब्ध उभा राहतो, त्याचेच नाव आज ज्याकडे कोणी पाहतही नाही अशा यंत्रास मिळाले आहे. पहिल्या चांगल्या पावसानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी शेतात कोंब निघाले की नाहीत हे पाहावयास धुऱ्यावर गेलेला माणूस मी पाहिला आहे. त्याच्या पाहण्यात काळजी आणि विस्मय यांची फारकत करता येत नाही. ज्यास काळजीच नाही, त्यास कोंबाचे काय कौतुक? शुभवर्तमानाने काळजी करणाऱ्यासच फुलांकडे पाठविले, निश्चिंतास नव्हे, याचे कारण कदाचित हे असेल.

आता त्या विद्यार्थ्याकडे येतो. मी त्यास उत्तर दिले नाही, पण काम दिले. आठवडाभर घरात नवल, आश्चर्य, चमत्कार, कौतुक, अप्रूप यांपैकी कोणता शब्द कोण केव्हा उच्चारतो हे टिपून आण, असे सांगितले. भाषेच्या विद्यार्थ्यास तेवढा सराव हवाच. त्याने वही आणून दाखविली. आजीच्या तोंडी 'चमत्कार' आठवड्यातून एकदाच आला, आणि तोही दुसऱ्या कोणाच्या साक्षीविषयी बोलताना. 'नवल' मात्र पानभर होते : उन्हाळ्यात वाळलेला कढीलिंब पुन्हा फुटला त्याचे; शेजारची सून सासूबरोबर हसत बाजारात गेली त्याचे; आपण एवढ्या वर्षांच्या झालो तरी सकाळी जाग येते त्याचे. प्रार्थनेतही हीच वाक्ये थोड्याफार फरकाने येत होती, असे त्याने समासात लिहिले होते.

वडिलांच्या नावापुढे एकच नोंद होती. मुलाने गिरडहून आणलेला एक गोटा त्यांनी फोडून भिंगाखाली धरिला, पुष्कळ वेळ फिरवून पाहिला आणि म्हणाले, "चमत्कारिकच आहे हे." विद्यार्थ्याने त्या शब्दाखाली रेघ मारून पुढे प्रश्नचिन्ह काढले होते. कोणता अर्थ, असे तो मला विचारीत होता.